दोन गुंठ्यांतलं शेत

नाशिक जिल्ह्यात निफाड, चांदवड, येवला, सटाणा या पट्ट्यात दसरा उलटला की बांधावर भेटलेला माणूस आधी उळ्याची चौकशी करतो. उळे टाकलं का, बी कुठलं, उतरलं कसं. उळे म्हणजे कांद्याचं बी, आणि त्या बियाची वाफ्यावर उभी राहिलेली कोवळी रोपंही. भाव काय निघेल हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नाही. पण उळे फसलं तर पुढचं सगळंच फसतं, हे मात्र घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

कांद्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. ते बहुतेक लासलगावच्या लिलावाबद्दल, निर्यातबंदीबद्दल, शहरातल्या महागाईबद्दल असतं. शेतात कांदा लागण्याआधीच्या सहा ते आठ आठवड्यांबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय. या प्रकरणात तेवढ्याच दिवसांकडे बघायचं आहे, कारण या पिकाचं निम्म्याहून अधिक यशापयश तिथेच ठरून जातं असं माझं मत आहे.

आधी थोडा हिशेब मांडू. रब्बीच्या कांद्यात दोन ओळींत १५ आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर ठेवतात, म्हणजे एका रोपाच्या वाट्याला दीडशे चौरस सेंटीमीटर जागा येते. एकरात चार हजार चौरस मीटरहून थोडी जास्त जमीन असते. भागाकार केला तर पावणेतीन लाखांच्या आसपास रोपं होतात. बांध आणि पाट वगळले तरी अडीच लाखांच्या घरात. आता बियाकडे या. कांद्याच्या एका ग्रॅम बियात अडीचशे ते तीनशे दाणे बसतात. एकरासाठी तीन किलो बी टाकायची रीत सर्रास आहे, काही जण चार किलोही टाकतात. तीन किलोत आठ लाखांच्या आसपास दाणे झाले. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी असा नियम आहे, तेव्हा साडेपाच लाख रोपं तरी उगवायला हवीत. शेतात लागतात अडीच लाख. उरलेली तीन लाख वाफ्यावरच मरतात, पिवळी पडतात किंवा इतकी बारीक राहतात की लावणाऱ्या बायका ती बाजूला टाकतात. महागाचं बी घेऊन निम्मं वाफ्यावर घालवणं ही इतकी नेहमीची गोष्ट झाली आहे की तिला कुणी नुकसान म्हणतच नाही.

मुळात हा खटाटोप करायचा कशासाठी? बी थेट शेतात का पेरायचं नाही? कारण कांद्याचं रोप पहिले दीड-दोन महिने फार सावकाश वाढतं. त्याची पात अरुंद, उभी आणि पोकळ असते, तिची जमिनीवर सावली पडत नाही. ज्वारी किंवा सोयाबीन महिन्याभरात जमीन झाकून तणाला दाबून टाकतं, कांद्याला ते कधीच जमत नाही. एकरभर जमिनीत या बारीक रोपांचं तणापासून रक्षण करायचं म्हणजे खुरपणीचा खर्च पिकाच्या उत्पन्नाच्याही वर जाईल. त्यापेक्षा पहिले सहा ते आठ आठवडे त्यांना एकराच्या विसाव्या भागात, म्हणजे अवघ्या दोन गुंठ्यांत सांभाळायचं. तेवढ्या जागेत तण हाताने उपटता येतं, झारीने पाणी घालता येतं, गारपिटीची लक्षणं दिसली तर वर काहीतरी झाकताही येतं. तोवर बाकीची जमीन आधीच्या पिकाला मोकळी राहते. सोयाबीन किंवा मका काढून, जमीन नांगरून, सारे पाडायला अवधी मिळतो. ही दोन गुंठे जागाच त्या वेळी शेतकऱ्याचं खरं शेत असते.

कांद्याचं बी काळं, कोनदार आणि सुरकुतलेलं असतं. त्याचं आयुष्य फार कमी. गहू-हरभऱ्याचं बी दोन-तीन वर्षं नीट राहतं, कांद्याचं बी साध्या डब्यात ठेवलं तर वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागतं, आणि पावसाळ्याची दमट हवा लागली तर त्याआधीच. म्हणून आदल्या वर्षीचं शिल्लक बी स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. आपल्याकडे बुलढाणा आणि जालना भागात कांद्याचं बी मोठ्या प्रमाणावर तयार होतं. थंडीच्या तोंडावर निवडक कांदे जमिनीत लावतात, त्यांना दांडे येऊन पांढऱ्या फुलांचे गोंडे लागतात, मधमाश्या परागीभवन करतात आणि उन्हाळ्यात बी हाती येतं. मधमाशीमुळेच एका जातीचं बी दुसऱ्या जातीच्या जवळ घेता येत नाही. शेजारच्या शेतात वेगळ्या जातीचे गोंडे उभे असतील तर घरचं बी कितीही जपून धरलं तरी ते भेसळीचंच असतं.

वाफा कसा असावा याबाबत आता फारसा वाद उरलेला नाही. मीटरभर रुंद आणि १० ते १५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करावा, लांबी जमिनीच्या उतारानुसार. मीटरभर रुंदीचं कारण साधं आहे: दोन्ही बाजूंनी बसून मधल्या ओळीपर्यंत हात पोचतो, वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. बी फेकून न टाकता पाच ते सात सेंटीमीटर अंतरावर रेघा ओढून त्यांत पातळ पेरावं आणि बारीक चाळलेल्या शेणखताने झाकावं. फेकून टाकलेलं बी कुठे दाट, कुठे विरळ पडतं. दाट जागेतली रोपं उजेडासाठी एकमेकांशी झगडत उंच आणि कमकुवत होतात. वर मी जे तीन लाख रोपांचं नुकसान मांडलं, त्याचा मोठा भाग या एका सवयीच्या खात्यावर जातो. रेघांत पेरायला अर्धा दिवस जास्त लागतो, आणि तेवढ्यासाठी बहुतेक जण ते टाळतात, हे मला खरोखर खटकतं.

पेरल्यावर सहा-आठ दिवसांनी सकाळी वाफ्यावर आच्छादन म्हणून पसरलेलं वाळलेलं गवत थोडं सरकवून खाली बघावं. मातीतून सरळ कोंब वर आलेला दिसत नाही. दिसतो तो हिरवा, वाकवलेल्या सुईसारखा बाक. त्याची दोन्ही टोकं अजून जमिनीत असतात. एका टोकाला मूळ असतं आणि दुसरं टोक बियाच्या आत अडकलेलं असतं. ही कांद्याची बीजदलाची पात. तिचं शेंड्याचं टोक बियात राहून तिथला अन्नसाठा विरघळवून शोषत असतं, आणि त्याच्याच जोरावर मधला भाग बाक काढून माती फोडतो. साठा संपला की ती पात ताठ होते आणि बियाचं काळं साल टोकाला लटकवत वर येते. पुढे तिच्या बुडाजवळच्या बारीक चिरेतून पहिलं खरं पान बाहेर पडतं, आणि त्यानंतरचं प्रत्येक पान आधीच्या पानाच्या आतूनच येतं.

बी किती खोल टाकावं याचं उत्तर या बाकात आहे. फार खोल गेलेल्या दाण्याचा साठा वर पोचायच्या आतच संपतो. अगदी वर राहिलेला दाणा दिवसाच्या उन्हाने सुकतो. वाफ्यावर पाण्याची धार पडून मातीला पापडी धरली तर बाक तिच्याखाली अडकून मोडतो. म्हणून झारी, किंवा तुषार सिंचन. उगवण दिसायला लागली की गवताचं आच्छादन त्याच संध्याकाळी काढावं. दोन दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी आणि लांबुळकी होतात आणि त्यांचा तो दोष पुढे भरून निघत नाही.

मग येते मर. काल हिरवीगार दिसणारी रोपं आज जमिनीलगत कुजून आडवी पडलेली असतात. पिथियम, फ्युजारियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी त्यामागे असतात, आणि त्यांना हवं असतं साचलेलं पाणी, दाटी आणि कोंदट हवा. मे-जूनमध्ये टाकलेल्या पावसाळी कांद्याच्या उळ्याला या तिन्ही गोष्टी एकदमच मिळतात. म्हणूनच पावसाळी रोप करणं हे रब्बीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. उपाय बहुतेक पेरणीआधीचे आहेत. उन्हाळ्यात वाफ्याची जागा ओली करून महिनाभर पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून ठेवली तर आतल्या उष्णतेने बुरशी आणि तणाचं बी बरंच मरतं. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळतात, बियाला किलोमागे दोन-तीन ग्रॅम थायरम चोळतात. रोपं कोलमडायला लागल्यावर केलेली आळवणी शेजारची रोपं वाचवते, पडलेली नाही. आणि पात हिरवीगार दिसावी म्हणून युरियाचा हात सैल सोडणं हा मरीला आवताण देण्याचाच प्रकार आहे.

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत, आणि प्रत्येकाचं उळे वेगळ्या वेळी पडतं. पावसाळी म्हणजे खरीप कांद्याचं मे-जूनला, रांगड्या म्हणजे उशिराच्या खरीप कांद्याचं ऑगस्ट-सप्टेंबरला, उन्हाळ म्हणजे रब्बी कांद्याचं ऑक्टोबर-नोव्हेंबरला. जातही हंगामाप्रमाणे बदलावी लागते. कांदा पोसण्याची सुरुवात दिवसाच्या लांबीवर आणि तापमानावर अवलंबून असते. आपल्या जातींना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो, युरोपातल्या जातींना चौदा-सोळा तासांचा लागतो. त्या जाती इथे लावल्या तर नुसती पात वाढत राहील. इथल्या जातींमध्येही खरिपाची आणि रब्बीची वेगळी निवड झालेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बसवंत ७८० खरिपाची, एन-२-४-१ रब्बीची. कांद्यासाठी १९९४ मध्ये नाशिकला राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं आणि १९९८ मध्ये ते पुण्याजवळ राजगुरुनगरला आलं. तिथल्या भीमा मालिकेत भीमा सुपर पावसाळ्यासाठी आहे, भीमा किरण उन्हाळ कांद्यासाठी. बियाची पिशवी घेताना आधी हंगाम विचारावा, मग भाव.

रोप किती दिवसांचं लावावं? पावसाळी रोप ४० ते ४५ दिवसांचं, रब्बीचं ५० ते ५५. याहून कोवळं रोप लावणीचा धक्का सोसत नाही. याहून जून रोपाचा धोका वेगळा आहे. कांदा मुळात दोन वर्षांचं पीक. पहिल्या हंगामात तो पोसतो आणि थंडी खाऊन दुसऱ्या हंगामात फुलतो. पण थंडीचा हा हिशेब तारखेवर नाही, रोपाच्या जाडीवर चालतो. बारीक रोपाला थंडी कळत नाही. पेन्सिलीइतक्या जाड झालेल्या रोपावर काही आठवडे आठ-दहा अंशांची थंडी पडली की ते मोठं झालो असं समजून फुलाचा दांडा काढतं. यालाच डेंगळे म्हणतात. डेंगळे आलेला कांदा मधोमध दांड्याने पोखरलेला असतो, कांदाचाळीत टिकत नाही, बाजारात हलका पडतो. निफाडचा पारा थंडीच्या लाटेत पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतो. लवकर टाकलेलं, खताने फुगवलेलं, मजूर मिळेनात म्हणून वाफ्यावर आणखी पंधरा दिवस उभं राहिलेलं रोप नेमकं त्या थंडीत सापडतं. डेंगळे दिसले की दोष बियाण्याला दिला जातो. जातीचा वाटा असतोच, पण वाफ्याची तारीख वहीत लिहिलेली असेल तर बरेचदा उत्तर तिथेच सापडतं.

लावणीच्या आधी काही दिवस वाफ्याचं पाणी तोडतात. रोपं थोडी करकरीत होतात, पातीवरची मेणचट साय वाढते. मग उपटायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी देतात, म्हणजे मुळं तुटत नाहीत. रोप हातात घेऊन बुडाकडे बघावं. मुळांच्या वर हरभऱ्याच्या डाळीहूनही छोटी चकती दिसते. कांद्याचं खोड ते एवढंच. वरचं पांढरं दिसणारं सगळं पानांचे एकात एक गुंडाळलेले देठ असतात. वाढीचं टोक या चकतीवर, आत सगळ्यांत खाली सुरक्षित असतं. उपटताना काही मुळं गेली तर चकती आठवड्याभरात नवी पांढरी मुळं सोडते. पातीचा शेंडा छाटला तर वाढीच्या टोकाला इजा होत नाही. असं अंग असलेल्या पिकालाच उपटून पुन्हा लावणं मानवतं. मुळा-गाजर असं लावून बघा, वाकडीतिकडी, फाटे फुटलेली मुळं हाती येतील. शेंड्याची छाटणी मात्र बेताने करावी. एकतृतीयांश पुरे. पात म्हणजे रोपाची कमाई, ती निम्मी कापून टाकण्यात काही शहाणपण नाही.

आता लावणीची खोली. कांद्याची चकती जमिनीखाली दोन-अडीच सेंटीमीटर असावी, त्याहून खोल नको. खोल लागलेला कांदा पोसताना मातीशी झगडतो, लांबट होतो, मान जाड राहते. त्याची युरोपातली बहीण लीक इथे बरोबर उलट वागते. लीकला गोल कांदा धरतच नाही. तिचं खायचं अंग म्हणजे तो गुंडाळलेल्या देठांचा पांढरा दांडा, आणि तो पांढरा राहतो कारण त्याला ऊन लागू दिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये मार्च-एप्रिलला बी टाकतात आणि जूनच्या सुमारास रोप पेन्सिलीइतकं जाड झालं की लावतात. म्हणजे जी जाडी आपल्या कांद्याला धोक्याची, तीच लीकला लावणीची खूण. टोकदार दांडक्याने जमिनीत १५ सेंटीमीटर किंवा त्याहून थोडं जास्त खोल भोक पाडतात, त्यात रोप सोडतात आणि भोक मातीने बुजवत नाहीत. फक्त काठोकाठ पाणी भरतात. पाण्याबरोबर थोडी माती मुळांवर बसते, बाकीचं भोक पुढच्या पावसांत आणि खुरपणीत आपोआप भरत जातं, तोवर दांड्याला जाड व्हायला मोकळी जागा मिळते. सप्टेंबरपासून थेट पुढच्या वसंतापर्यंत लीक बर्फातही शेतात उभी राहते, लागेल तशी उपटायची. १ मार्च हा वेल्सच्या संत डेव्हिडचा दिवस, त्या दिवशी वेल्समधले लोक आपली खूण म्हणून लीक अंगावर लावतात. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम भागात कोळसा खाणींतल्या कामगारांनी जाडजूड लीक पिकवण्याच्या स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालवल्या. आपल्याकडे हौसेने कुणाला लावायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात बी टाकावं, कांद्यासारखंच वाफ्यावर वाढवावं, आणि लावताना मात्र कांद्याची सवय विसरावी.

आपल्याकडची लावणी बायकांच्या टोळ्या करतात, बहुधा एकरी उक्तं ठरवून. वाफ्यात पाणी सोडून माती मऊ झाली की डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी रोप टेकवायचं, दाबायचं, पुढे सरकायचं. अडीच लाख रोपांचा एकर या बायका ओणव्या राहून लावतात. या हालचालीत एक बारकावा आहे. रोप मातीत घुसवताना मुळं वरच्या बाजूला वळली तर ते आठवडाभर मागे पडतं. सराईत हात रोप थोडं खोल नेऊन किंचित वर ओढतो, म्हणजे मुळं सरळ खाली सुटतात. उक्त्याच्या घाईत हे सुटतं. एकर लवकर उरकला म्हणून खूश होण्याआधी दोन-चार रोपं उपटून मुळांची दिशा बघावी. आणि ज्यांच्या कंबरेवर हे पीक उभं राहतं, त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नये.

लावणीनंतर तीन-चार दिवसांनी आंबवणीचं हलकं पाणी. आठ-दहा दिवसांत नांगे, म्हणजे रोप न लागलेल्या जागा, भरून घ्यायचे, त्यासाठी वाफ्याच्या एका कोपऱ्यात मूठभर रोप राखून ठेवायचं. नवं पान सरळ उभं निघालं की रोप लागलं.

मजुरांची टंचाई वाढल्यापासून बरेच जण ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने कांदा थेट पेरू लागले आहेत. नेदरलँड्समध्ये तर कांदा असाच पेरतात. तिथे एकेक दाणा मोजून टाकणारी यंत्रं, तणनाशकांची काटेकोर आखणी आणि एकसारखी जमीन आहे. आपल्याकडे ज्यांची जमीन सपाट, तण कमी आणि तुषार सिंचन हाताशी आहे त्यांनी थोड्या क्षेत्रावर करून बघायला हरकत नाही. बाकीच्यांना विरळणी आणि खुरपणीतच वाचवलेली मजुरी परत द्यावी लागते. सध्या तरी दोन गुंठ्यांचा वाफाच भरवशाचा.

यंदा उळे टाकण्याआधी एक काम नक्की करा. पिशवीतले शंभर दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळा, कागद ओला राहील असं बघा आणि दहाव्या दिवशी उघडा. सत्तरपेक्षा कमी दाण्यांना मूळ फुटलेलं दिसलं तर ते बी वाफ्यावर टाकू नका. पिशवी, पावती आणि उरलेलं बी जपून ठेवा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या. उगवण कमी निघाल्याची तक्रार करायची ती पेरणीच्या आधी, लावणी झाल्यावर तिला फारसं वजन उरत नाही.